रदेयेफची यादी, सिदी बूझिदची हातगाडी

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "ट्युनिशियात एका फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि तेवीस वर्षांची राजवट २८ दिवसांत कोसळली, असं आमच्या नोट्समध्ये आहे. एका घटनेने एवढं होतं का? आणि एवढं झालं, तर आज तिथे पुन्हा एकाच माणसाच्या हातात सगळी सत्ता कशी?"

मी खत कारखान्यांसाठी कच्चा माल खरेदी करण्याच्या कामात तीस वर्षं काढली. आपल्याकडे शेतकरी पेरणीला डीएपीची गोणी घेतो, तिच्यातल्या फॉस्फरसचा एक वाटा ट्युनिशियातून येतो, बराचसा फॉस्फरिक आम्लाच्या रूपात. तिथे स्खिरा नावाच्या बंदरावर एक आम्ल कारखाना आहे, त्यात दोन भारतीय कंपन्यांची भागीदारी आहे. मालाची प्रत तपासायला आणि जहाजं वेळेवर भरून घ्यायला मी स्फाक्स, गाबेस आणि आतल्या गाफ्सा भागात अनेकदा गेलो. त्यामुळे मी हे उत्तर खाणीच्या बाजूने देणार आहे. माझ्या मते तिथला उठाव नोकरभरतीच्या एका यादीवरून सुरू झाला, तोही तीन वर्षं आधी आणि दुसऱ्याच गावात. पुढे तो फसला, तो त्याच प्रश्नापाशी.

गाफ्साच्या डोंगरात फ्रेंचांना १८८५ मध्ये फॉस्फेट सापडलं आणि १८९७ मध्ये खाण कंपनी निघाली. मेतलावी, रदेयेफ, उम्म लरायेस, म्धिला ही चार गावं त्या खाणीवरच वसली. कंपनी म्हणजे नोकरी, कंपनी म्हणजे दुकान, दवाखाना, पाणीसुद्धा. मला तिथे फिरवणारा चालक मेतलावीचा होता. हसला की त्याचे तपकिरी दात दिसायचे. पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने तिथल्या बऱ्याच लोकांचे दात असेच, आपल्याकडे यवतमाळच्या काही गावांत दिसतात तसे. त्याचे आजोबा बोगद्यात उतरले, वडील बोगद्यात उतरले. याच्या वेळेला बोगदे बंद होऊन उघड्या खाणी आल्या, मोठी यंत्रं आली आणि माणसं नकोशी झाली. १९८० च्या सुमारास कंपनीत चौदा हजारांच्या आसपास माणसं होती, २००७ पर्यंत ती पाच हजारांवर आली. फॉस्फेट मात्र पूर्वीसारखंच निघत होतं. रेल्वेच्या वाघिणी भरून ते किनाऱ्याला जायचं आणि गावाला उरायची धूळ.

५ जानेवारी २००८ रोजी कंपनीने भरतीचा निकाल लावला. काही जागा अपघातात गेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या कामगारांच्या मुलांसाठी ठेवायच्या, असं ठरलेलं होतं. यादी लागली तेव्हा लोकांनी नावं वाचली आणि कोण कोणाचा भाचा, कोणाची शिफारस कोणाला, हे सगळं गावाला लगेच कळलं. छोट्या गावात वशिला लपत नाही. रदेयेफमध्ये खाणकामगारांच्या विधवा तंबू ठोकून बसल्या, बेरोजगार पोरांनी रेल्वेचे रूळ अडवले. त्यांचं नेतृत्व अदनान हाज्जी या शाळामास्तराने केलं. तो कामगार संघटनेचा माणूस होता, पण त्याच संघटनेचे वरचे पुढारी त्याच्या विरोधात होते. हे सहा महिने चाललं. जूनमध्ये रदेयेफला पोलिसांनी गोळी झाडली, एक तरुण मेला, मग लष्कर गावात आलं. पुढाऱ्यांना दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या.

सहा महिने चाललेल्या या लढ्याची राजधानीत फारशी चर्चाच झाली नाही. वर्तमानपत्रांत काही यायचं नाही. मी त्या वर्षी ट्युनिसमध्ये होतो तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी गाफ्साचं नाव काढलं आणि माझ्या यजमानांनी ताबडतोब ऑलिव्हच्या पिकाचा विषय काढला. देशात जिथे बघाल तिथे राष्ट्राध्यक्ष बेन अली यांचा फोटो: हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात, औषधांच्या दुकानात. जिथे बघाल तिथे ७ चा आकडा, कारण ७ नोव्हेंबर १९८७ ला त्यांनी देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, म्हाताऱ्या हबीब बुर्गिबांना डॉक्टरांच्या दाखल्याच्या आधारे बाजूला सारून सत्ता घेतली होती. चौकांना ७ नोव्हेंबरचं नाव, सरकारी वाहिनीच्या नावातही ७.

आता सिदी बूझिदकडे येते गोष्ट, त्या फळविक्रेत्याच्या गावाकडे.

पहिला गैरसमज काढायला हवा. तो फळविक्रेता, मोहम्मद बुअझीझी, पदवीधर बेरोजगार होता ही बातमी जगभर गेली, ती खरी नव्हती. त्याने शाळाही पूर्ण केली नव्हती. लहानपणापासून कमावत होता, घर चालवत होता, वय २६. उधारीवर माल घ्यायचा, हातगाडीवर फळं-भाजी विकायची. १७ डिसेंबर २०१० ला पालिकेच्या लोकांनी त्याचा माल आणि वजनकाटा उचलून नेला. त्या वेळी निरीक्षक बाईने त्याला थोबाडीत मारली की नाही, यावर बराच वाद झाला. तिने ते नाकारलं आणि पुढे एप्रिल २०११ मध्ये तिच्यावरचा खटलाही उभा राहिला नाही. माझ्या दृष्टीने थोबाडीपेक्षा वजनकाटा महत्त्वाचा आहे. हातगाडीवाल्याचा काटा नेला म्हणजे त्याचा धंदाच थांबला. माल उद्या पुन्हा उधारीवर मिळेल, काटा कोण देणार? तो काटा परत मागायला तो प्रांताच्या गव्हर्नरच्या कचेरीवर गेला. तिथे त्याला कोणी भेटलं नाही. त्याच दारात त्याने अंगावर इंधन ओतलं.

सिदी बूझिद गरीब आहे म्हणजे तिथे काही पिकत नाही, असं समजू नका. खोल विहिरींच्या पाण्यावर तिथे भाजीपाला होतो, ऑलिव्ह होतं, आणि ते किनाऱ्यावरच्या शहरांना पोसतं. पण विहिरी खणायला, पंप बसवायला भांडवल लागतं. ते किनाऱ्याकडच्या व्यापाऱ्यांकडे होतं, बँकांचं कर्जही त्यांनाच मिळायचं. पाण्याची पातळी खाली गेली तशी छोट्या शेतकऱ्यांची विहीर आधी आटली. रगेब भागात बुअझीझीच्या नातलगांची जमीन बँकेच्या कर्जापायी गेली होती आणि २०१० च्या उन्हाळ्यात तिथल्या शेतकऱ्यांनी त्याच गव्हर्नरच्या कचेरीसमोर धरणं धरलं होतं. म्हणजे डिसेंबरच्या आधी पाच-सहा महिने लोक त्याच दाराशी बसून गेले होते. आपल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

तिथे एक शब्द आहे, हुगरा. सत्तेतल्या माणसाने समोरच्याला माणूसच न समजणं, तुच्छतेने हाकलून देणं, याला ते हुगरा म्हणतात. मला तो शब्द त्या चालकाने शिकवला. सरकारी खिडकीवर कागद न बघता परत फेकला जातो, तो हुगरा. म्हणूनच तिथले लोक या उठावाला 'करामा'चा, म्हणजे आत्मसन्मानाचा उठाव म्हणतात. 'जाईची क्रांती' हे नाव बाहेरच्यांनी लोकप्रिय केलं. जाई किनाऱ्यावरच्या बंगल्यांच्या कुंपणावर फुलते. कासरीनच्या पठारावर, जिथे सगळ्यात जास्त पोरं मेली, तिथे हलफा नावाचं राठ गवत उगवतं.

मग २००८ चा लढा एका कोपऱ्यात दाबला गेला आणि २०१० चा देशभर कसा पसरला?

एक तर फोन. २००८ मध्ये फेसबुकवर थोडेच ट्युनिशियन होते, २०१० च्या अखेरीस एक कोटी लोकांच्या देशात ती संख्या वीस लाखांच्या जवळपास गेली होती. सरकार इंटरनेटवर इतकं कापाकापी करायचं की लोकांनी त्या सेन्सॉरला टोपणनाव दिलं होतं: 'अम्मार ४०४', पान सापडत नाही तेव्हा दिसणाऱ्या आकड्यावरून. यूट्यूब बंद होतं, पण फेसबुक चालू होतं. सिदी बूझिदमध्ये चित्रित झालेलं त्याच संध्याकाळी अल जझीरावर दिसायला लागलं.

पण नुसत्या फोनने सरकार पडत नाही, आणि 'फेसबुक क्रांती' हा शब्द मला खटकतो तो यामुळेच. फोनवरचं बघून माणसं जमली कुठे? ती जमली कामगार संघटनेच्या कचेऱ्यांसमोर. ट्युनिशियाची यूजीटीटी ही संघटना १९४६ ची, देशाच्या स्वातंत्र्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिचा संस्थापक फरहात हशाद १९५२ मध्ये मारला गेला, तो स्वातंत्र्यलढ्याचा हुतात्मा मानला जातो. म्हणून कुठल्याही हुकूमशहाला ती पूर्ण बंद करता आली नाही. वरचे पुढारी बेन अलींशी जुळवून घेत, पण तालुक्याच्या गावातली शाखा म्हणजे शिक्षक, टपाल खात्यातले, दवाखान्यातले लोक. गावात दुसरं कुठलंच मोकळं छप्पर नव्हतं. विरोधी पक्षाला कचेरी नाही, मशिदीवर पोलिसांची नजर, कॉफीच्या दुकानात खबरे. संघटनेची कचेरी तेवढी होती. तिच्या पायऱ्यांवर मोर्चे जमले. वकील काळे झगे घालून रस्त्यावर आले.

घोषणाही ऐका. 'अश्शुग्ल इस्तिहकाक, या इसाबत अस्सुर्राक!' म्हणजे काम हा हक्क आहे, चोरांच्या टोळ्यांनो! ही घोषणा खाणींच्या भागातून, २००८ मधून आलेली. लोकशाही, निवडणूक, राज्यघटना हे शब्द पहिल्या दोन आठवड्यांत फारसे नव्हते. काम आणि चोर, हे दोनच. चोर कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेन अलींच्या पत्नी लैला त्राबेल्सी यांच्या माहेरच्यांनी आणि जावयांनी बँका, विमान कंपनी, मोटारींची आयात, दूरसंचार, जिथे परवाना लागतो तिथे हात घातला होता. उठावानंतर जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी या कुटुंबाशी जोडलेल्या २२० कंपन्या तपासल्या. देशातल्या खाजगी क्षेत्राच्या एकूण नफ्यातला २१ टक्के वाटा त्या खात होत्या. धंद्यातल्या माणसाला हा आकडा वाचायच्या आधी माहीत होता. आयात-निर्यातीच्या कामात तिथे कुठल्या दारावर टकटक करायची नाही, हे आम्हाला पहिल्याच फेरीत सांगितलं जायचं.

२४ डिसेंबरला मेन्झेल बूझयानमध्ये गोळीबारात पहिले बळी गेले. २८ तारखेला बेन अली जळालेल्या बुअझीझीला बघायला रुग्णालयात गेले. तो फोटो पाहिलाच असेल: पट्ट्यांत गुंडाळलेला देह, आणि समोर हात बांधून उभे असलेले राष्ट्राध्यक्ष. ४ जानेवारीला बुअझीझी वारला. ८ ते १० जानेवारीच्या दरम्यान थाला आणि कासरीन इथे पोलिसांनी नेम धरून माणसं मारली. त्यानंतर मागे फिरणं शक्य नव्हतं. १० तारखेला बेन अलींनी दोन वर्षांत तीन लाख नोकऱ्या देण्याचं जाहीर केलं. तेवीस वर्षांत जमलं नाही ते दोन वर्षांत कसं जमणार, हे लोकांनी लगेच ओळखलं.

१२ जानेवारीला स्फाक्सने सार्वत्रिक संप केला. माझ्या मते तो दिवस निर्णायक होता. स्फाक्स म्हणजे कारखान्यांचं, मालवाहतुकीचं, हिशोबी व्यापाऱ्यांचं शहर. तिथला माणूस विनाकारण दुकान बंद ठेवत नाही. त्या दिवशी हजारो लोक रस्त्यावर आले आणि शहराने शटर ओढलं. आतल्या गरीब प्रांतांचा राग किनाऱ्याच्या श्रीमंत शहरात पोहोचला तो इथे. दुसऱ्या दिवशी बेन अली टीव्हीवर आले आणि आयुष्यात प्रथमच पुस्तकी अरबी सोडून घरगुती बोलीत म्हणाले, 'फहिमतकुम', मला तुमचं कळलं. ब्रेड, दूध, साखर स्वस्त करतो म्हणाले, २०१४ च्या निवडणुकीला उभा राहणार नाही म्हणाले. १४ जानेवारीला राजधानीत बुर्गिबा मार्गावर, ज्या गृहखात्याच्या इमारतीसमोरून लोक मान खाली घालून जायचे, तिच्याच समोर गर्दी उभी राहिली. 'खुब्झ व मा, बेन अली ला!' पाण्याशी भाकर खाऊ, पण बेन अली नको. संध्याकाळी ते विमानाने जेद्दाला गेले आणि २०१९ मध्ये तिथेच वारले.

लष्कराने का वाचवलं नाही? बुर्गिबांनी लष्कर मुद्दाम लहान ठेवलं होतं, सत्तेपासून आणि पैशापासून लांब. बेन अलींची भिस्त पोलिसांवर. लष्करी अधिकाऱ्यांना या कुटुंबाच्या धंद्यात वाटा नव्हता, मग त्यांच्यासाठी रक्त सांडण्यात त्यांचा काय फायदा? सीरियात लष्कर आणि सत्ताधारी घराणं एकमेकांत गुंतलेलं होतं, तिथे काय झालं ते आपण पाहिलं.

आता दुसरा प्रश्न, आणि हा मला जास्त जिव्हाळ्याचा आहे.

पहिली तीन वर्षं ट्युनिशियाने जे केलं त्याचं मोल कमी लेखू नये. ऑक्टोबर २०११ मध्ये २१७ जागांच्या संविधानसभेची मोकळी निवडणूक झाली. राशिद घनुशींचा एन्नाहदा हा इस्लामी पक्ष ८९ जागा घेऊन पुढे आला आणि दोन निधर्मी पक्षांना बरोबर घेऊन त्याने सरकार केलं. २०१३ मध्ये दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, फेब्रुवारीत शुक्री बलईद, जुलैमध्ये मोहम्मद ब्राहमी. हे ब्राहमी सिदी बूझिदचेच आमदार. इजिप्तमध्ये त्याच जुलैत लष्कराने सत्ता घेतली होती, इथेही तसंच होईल असं वाटत होतं. तेव्हा यूजीटीटी, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार संघटना आणि वकिलांची संघटना या चौघांनी सगळ्या पक्षांना एका टेबलावर बसवलं. २६ जानेवारी २०१४ ला २०० मतांनी राज्यघटना मंजूर झाली. या चौघांना २०१५ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. कामगार आणि मालक एका व्यासपीठावर बसून देश वाचवतात, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण या सगळ्या वाटाघाटींत 'काम' कुठे होतं?

मी खाणींचं सांगतो. २०१० मध्ये गाफ्सातून ८० लाख टन फॉस्फेट निघालं होतं. २०११ मध्ये ते २५ लाख टनांच्या आसपास आलं आणि पुढची दहा वर्षं कधीच सावरलं नाही. कारण बेरोजगार पोरं रुळांवर बसायची. एका भरतीची यादी लागली की ज्यांचं नाव नाही ते रुळांवर. सरकारने त्यांना शांत करायला खाण कंपनीच्या पदरी 'पर्यावरण आणि वृक्षलागवड' कंपन्या काढल्या, हजारो माणसं भरली. पगार चालू, काम जवळजवळ नाही. झाडं लावायची होती. मला एका फेरीत त्यातला एक मुलगा भेटला. इंजिनिअरिंगची पदविका, वय तिशीच्या आत. महिन्यातून एकदा सही करायला जायचा. तो म्हणाला, मला पगार मिळतो, काम मिळालेलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटलं.

उत्पादन घसरलं तसं परकीय चलन घसरलं. गाबेस आणि स्फाक्सच्या बाहेर जहाजं थांबायची, आमच्यासारखे खरेदीदार मोरोक्को आणि जॉर्डनकडे वळले. एकदा वळलेला गिऱ्हाईक सहज परत येत नाही. मोरोक्कोने ती बाजारपेठ पक्की केली. इकडे सरकारी नोकरभरती आणि पगारवाढ वाढत गेली, नाणेनिधीकडून २०१६ मध्ये २९० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. २०१० मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या ४० टक्के असलेलं सरकारी कर्ज दहा वर्षांत ८० टक्क्यांच्या घरात गेलं. २०१५ मध्ये बार्दो संग्रहालयात आणि सूसच्या किनाऱ्यावर अतिरेकी हल्ले झाले, पर्यटकही गेले.

आणि ज्यांचे परवाने, ज्यांच्या बँका, ज्यांची आयात, त्यांना कोणी हात लावला नाही. बेन अलींच्या घरच्यांची मालमत्ता जप्त झाली, पण ज्या नियमांच्या आडोशाने ती जमली ते नियम तसेच राहिले. निधर्मी गटाचे बेजी काइद एस्सेब्सी आणि इस्लामी घनुशी यांनी आपसांत जुळवून घेतलं. त्याला 'सहमती' म्हटलं गेलं. रक्तपात टळला, हे खरं. पण दोघांच्या सहमतीत तिसऱ्याला जागा नव्हती. २०१७ मध्ये जुन्या राजवटीतल्या अधिकाऱ्यांना माफी देणारा कायदा झाला, तेव्हा तरुण मुलं 'मानिच मसामेह', मी माफ करत नाही, असं म्हणत रस्त्यावर आली. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

आणखी एक यादी. उठावात मेलेल्यांची आणि जखमींची. २०१२ मध्ये चौकशी समितीने ३३८ मृत आणि २,१४७ जखमी मोजले होते. सरकारी राजपत्रात हुतात्म्यांची अधिकृत यादी यायला मार्च २०२१ उजाडला, आणि तीत १२९ मृत व ६३४ जखमी होते. दहा वर्षं आईबाप कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते आणि शेवटी त्यातल्या अनेकांच्या मुलाचं नाव यादीत आलंच नाही. हुगरा हा शब्द इथेही लागू पडतो.

कैस सईद यांचा उदय समजायचा तर हे सगळं डोळ्यांसमोर हवं. ते घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक, पक्ष नाही, पैसा नाही, बातम्या वाचणाऱ्यासारखं काटेकोर अरबी बोलणारे. २०१९ मध्ये त्यांची प्रचारघोषणा होती 'अश्शाब युरीद', लोकांना हवं आहे. २०११ मध्ये चौकाचौकात 'अश्शाब युरीद इस्कात अन्निझाम', लोकांना राजवट पाडायची आहे, अशी गर्जना झाली होती. सईद यांनी पुढचे शब्द काढले आणि पहिले दोन ठेवले. त्यांना ७२ टक्क्यांहून जास्त मतं पडली.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडने लोक मरत होते, प्राणवायू मिळत नव्हता, संसदेत हाणामाऱ्या चालू होत्या. २५ जुलैला सईद यांनी पंतप्रधानांना काढलं, संसद स्थगित केली, तिच्या दारात लष्कराची गाडी उभी केली. त्या रात्री लोक हॉर्न वाजवत रस्त्यावर आले, आनंदाने. ज्यांना इथे बसून वाटतं की लोकशाही गेली आणि लोक टाळ्या वाजवत होते म्हणजे लोक मूर्ख होते, त्यांनी वरची खाणीची हकिगत पुन्हा वाचावी. सईद यांनी घटनेच्या ८० व्या, म्हणजे संकटकाळातल्या विशेष अधिकारांच्या कलमाचा आधार घेतला. ते कलम बरोबर वापरलं की नाही हे ठरवायचा अधिकार घटना न्यायालयाचा. आणि ते न्यायालय सात वर्षांत स्थापनच झालं नव्हतं. संसदेतल्या पक्षांना न्यायाधीशांच्या नावांवर एकमत करता आलं नाही, एकच सदस्य निवडून झाला होता. परीक्षेसाठी एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. राज्यघटनेवर २०० मतं पडली, पण तिची राखण करणारी जागा रिकामी राहिली.

पुढचं थोडक्यात सांगतो. २०२२ मध्ये सईद यांनी स्वतःची नवी घटना सार्वमताला टाकली, ३० टक्के लोक मतदानाला आले. त्याच डिसेंबरात संसदेची निवडणूक झाली, तेव्हा जेमतेम ११ टक्के. घनुशींना एप्रिल २०२३ मध्ये अटक झाली, वकील, पत्रकार, विरोधक तुरुंगात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सईद ९० टक्क्यांहून जास्त मतांनी पुन्हा निवडून आले, मतदान २९ टक्क्यांच्या आत. क्रांतीचा दिवसही त्यांनी १४ जानेवारीवरून १७ डिसेंबरला नेला. म्हणजे राजधानीतला विजयदिन काढून सिदी बूझिदचा दिवस ठेवला. हे मला एका परीने पटलं होतं, पण सिदी बूझिदला त्या तारखेपलीकडे काही मिळालं नाही. तिथे टपाल कचेरीच्या भिंतीवर बुअझीझीचा भलामोठा फोटो आहे, चौकात दगडात कोरलेली हातगाडी आहे. पोरं मात्र समुद्राकडे जातात. बोटीतून इटलीला चोरून जाण्याला तिथे 'हरगा' म्हणतात, त्याचा अर्थ जाळणं. मागचे कागद जाळून निघायचं.

शेवटी गाबेसचं सांगतो, कारण त्यात माझाही हात आहे. तिथे १९७२ पासून सरकारी रासायनिक कारखाना आहे. गाफ्साच्या दगडावर सल्फ्युरिक आम्ल घातलं की फॉस्फरिक आम्ल होतं, आणि जिप्सम उरतं. एक टन आम्लामागे पाच टनांच्या आसपास. ते पन्नास वर्षं समुद्रात जात आलं आहे. शत्त अस्सलाम नावाची वस्ती कारखान्याला लागून आहे, तिथला किनारा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाणी काळपट-राखाडी होतं आणि एक म्हातारा कोळी कोरड्या होडीत बसला होता. आम्ही त्या दिवशी आम्लाची घनता मोजली, कागदावर सह्या केल्या, जहाज भरलं. मी त्याला काही विचारलं नाही. २०१७ मध्ये सरकारने कारखान्याचे प्रदूषण करणारे विभाग हलवायचं मान्य केलं, हलवले नाहीत. २०२५ मध्ये उलट फॉस्फेटचं उत्पादन कैक पटींनी वाढवायची योजना जाहीर झाली. त्याच ऑक्टोबरात कारखान्याच्या वायूने शाळेतली मुलं गुदमरली, त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. २१ ऑक्टोबरला गाबेसने सार्वत्रिक संप केला, सगळं शहर बंद आणि हजारो माणसं रस्त्यावर, पोरंबाळं, आज्या, सगळे.

त्यांची घोषणा मी फोनवर ऐकली. 'अश्शाब युरीद तफकीक अलवहदात.' लोकांना हे कारखाने उखडायचे आहेत.